दोन वसाहती आणि एक ठराव

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरातला एक ठराव आहे. मी तेव्हा संस्थेचा सचिव होतो. सहकारी बँकेत तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला ठरावाची भाषा शिकवावी लागत नाही. ‘सभासदांची सुरक्षितता आणि महिला व लहान मुले यांचा विचार करता, गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तीस सभासदांनी सदनिका भाड्याने देऊ नये.’ पुढे सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’.

ठरावाचे कारण दुसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. एका सभासदाने आपली सदनिका ज्या कुटुंबाला दिली, त्यातला पुरुष खुनाच्या शिक्षेची चौदाहून अधिक वर्षे तुरुंगात काढून सुटला होता. सोबत बायको आणि म्हातारी आई. संस्थेत त्याने कोणाला वर मान करून पाहिल्याचेही मला आठवत नाही. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण चार दिवसांत ती प्रत्येक दारात पोहोचली होती आणि सातव्या दिवशी सभा झाली. कायद्याने पाहता सदनिका भाड्याने देण्यासाठी सभासदाला संस्थेची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना पुरते. हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही. त्या कुटुंबाने महिना भरण्याआधी घर सोडले.

त्या सभेत एक वाक्य असे उच्चारले गेले, ज्यामुळे मी पुढची दोन-अडीच वर्षे जुने गॅझेटियर आणि अहवाल चाळत बसलो. तळमजल्यावरच्या एक बाई आहेत, त्यांचे यजमान लूटमारीत भोसकले गेले होते. त्या कधी सभेत बोलत नाहीत. त्या दिवशी उठल्या आणि म्हणाल्या, “सुटून आलेल्याला घर पाहिजे, हे मला कळतं. पण त्याच्या शेजारी कोणी राहायचं, हे ठरवताना मला कोणी विचारणार आहे का?” कोणी उत्तर दिले नाही. मीही वहीत ते वाक्य लिहिले नाही, कारण इतिवृत्तात प्रश्न लिहीत नाहीत.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वाचनालयात बसून जे जमले ते वाचले. पण हा प्रश्न आपल्याकडे नवा असेल असे मला वाटेना. आणि खरोखरच त्याचे एक उत्तर माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर उभे होते.

सोलापुरात ज्याला बोलीत ‘शेटलमेंट’ म्हणतात, तो भाग बाहेरच्यांना ठाऊक नसतो. सोलापूरकरांना मात्र तो नको तितका ठाऊक असतो. तिथल्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ आणि पुढे क्रमांक येतो. बँकेत खाते उघडायला आलेल्या एका पोराने अर्जावर हा पत्ता लिहिताना क्षणभर पेन थांबवले होते, ते मी काउंटरपलीकडून पाहिले होते. तेव्हा मला त्या थांबण्याचा अर्थ लागला नव्हता. ‘फ्री’ या शब्दाकडे तर मी कधी लक्षच दिले नव्हते.

1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, अशा धर्तीचा युक्तिवाद त्यामागे होता. जातिव्यवस्थेबद्दलचे आपलेच तत्त्वज्ञान साहेबाने आपल्याला परत विकले, असे म्हणायला हरकत नाही. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागण्याची सोय कायद्याने ठेवली नव्हती. आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदणी, बोटांचे ठसे, ठराविक वेळी हजेरी, गाव सोडायचे तर पास. कैकाडी, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी, भामटा अशा कितीतरी समाजांच्या माणसांना ही हजेरी पिढ्यान्‌पिढ्या लागली.

मुंबई इलाख्यात या जमातींसाठी वसाहती उभारण्याचे काम ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने विजापूरच्या बाजूने सुरू केले. त्याच्या धोरणातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वसाहत जिथे मजुरी मिळेल तिथे काढायची. त्यामुळे हुबळी, गदग आणि सोलापूर या गिरण्यांच्या गावी मोठ्या वसाहती झाल्या. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडेही होता. भोवती काटेरी तार, आत शाळा, दवाखाना, हजेरी. सकाळी भोंगा झाला की माणसे गिरणीत, संध्याकाळी परत तारेच्या आत. ज्याची वर्तणूक चांगली राहिली त्याला परवान्यावर तारेच्या बाहेर, पण लगतच, घर बांधून राहता येई. ती फ्री कॉलनी. तिथला माणूस मोकळा असे तो तारेच्या मानाने. हजेरीपुस्तकातले नाव काही लगेच पुसले जात नसे.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. या तारेआडच्या माणसांपैकी अनेकांनी कधीच कुठला गुन्हा केला नव्हता. नवऱ्याबरोबर बायको आली, आईबरोबर तान्हे मूल आले. आपल्या आजच्या भाषेत ‘शिक्षा भोगून आलेले’ असेही त्यांना म्हणता येत नाही, कारण शिक्षा कुठल्याही न्यायालयाने दिलेली नव्हती. आणि जी शिक्षा दिलेलीच नाही, ती संपल्याचे तरी कोणी कसे जाहीर करणार?

माझे आजोबा गिरणीत जॉबर होते. त्यांच्या खात्यात वसाहतीतली माणसे कामाला असत. वडील सांगत की आजोबांच्या हाताखाली एक कैकाडी विणकर अकरा वर्षे होता, आणि त्याच्या हाताचे आजोबांना फार कौतुक. पण गिरणीत कोणाचे धोतर किंवा डबा गेला की आधी झडती वसाहतवाल्यांची व्हायची, आणि ती आजोबाच घ्यायचे. त्या माणसाचे घर आजोबांनी कधी पाहिले नाही. आमच्या आजीला तर तो माणूस नावाने ठाऊक नव्हता. ‘तो शेटलमेंटचा’ एवढेच.

मुंबई राज्याने हा कायदा 1949 साली रद्द केला. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन वसाहतीची तार तोडली, ही आठवण वस्तीत आजही अभिमानाने सांगतात. पण 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो जातीचा नव्हे, व्यक्तीचा होता. तरी आजही एखाद्या गावाच्या शिवारात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालाकडे वळते, हे ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणाला सांगायला नको. पारधी कुटुंबांना घरकुलासाठी जागा द्यायची म्हटली की गावकऱ्यांचा विरोध उभा राहतो. आमच्या सभेतलीच वाक्ये तिथेही ऐकू येतात: आमची पोरीबाळी आहेत, आमची जनावरे आहेत, दुसरीकडे कुठेही द्या.

दुसरी वसाहत सोलापुरापासून फार दूर नाही. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, पण 1948च्या विलीनीकरणापर्यंत ती औंध संस्थानात होती. औंध म्हणजे सलग मुलूख नव्हता, बहात्तर गावांचे विखुरलेले संस्थान होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी आणि चित्रांच्या संग्रहासाठी प्रसिद्ध. त्यांनी 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना दिली, आणि गावपंचायतींकडे कारभाराबरोबर न्यायदानाचेही अधिकार सोपवले. या घडामोडींत राजपुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक विलक्षण माणूस होता. जन्माने पोलंडचा ज्यू, शिक्षणाने इंजिनिअर, बंगळूरला कारखाना चालवणारा, भगवी वस्त्रे घालून स्वतःला भारतानंद म्हणवणारा. मराठी वाचक त्याला पुढे निसर्गदत्त महाराजांची निरूपणे इंग्रजीत नेणारा म्हणून ओळखतात. त्याच्याच कल्पनेतून त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्याने बायकोमुलांना आणावे, शेत कसावे, त्यावर जगावे. नाव ठेवले स्वतंत्रपूर.

ही वसाहत आजही चालू आहे. राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे आणि तिची मान्य क्षमता आहे 28 कैद्यांची. आकडा छोटा आहे, याकडे नंतर येतो.

आटपाडीला मी एसटीने गेलो. फेब्रुवारी होता, तरी ऊन लागत होते. माणदेशाचा माळ, मध्येच डाळिंबाचे हिरवे चौकोन, माणगंगेचे पात्र कोरडे. वसाहतीच्या आत जाण्याचा माझा हेतू नव्हता. तिथे राहणाऱ्यांना पाहायला येणारे खूप असतील. मला शेजाऱ्यांना भेटायचे होते, कारण या वसाहतीवर जे काही लिहिलेले मी वाचले, त्यात राजा आहे, फ्रिडमन आहे, सुधारलेला कैदी आहे. शेजारी नाहीत.

जवळच्या शिवारात एक ऐंशीच्या घरातले शेतकरी भेटले. त्यांचे नाव लिहीत नाही. मी विचारले, “काका, लहानपणी भीती वाटायची का हो इथल्या माणसांची?”

“भ्या कशाचं?” ते म्हणाले. “आमच्या रानात खुरपायला यायची त्यांची बायामाणसं. शाळंत पोरं आमच्यासंगं. खुनी हाय म्हणून म्हाईत असायचं, आन्‌ कुणाचा खून केला त्ये बी म्हाईत असायचं. बांधावरनं, भावकीतनं, न्हाईतर बाईवरनं. त्ये काय आमचा खून कराय बसल्याती?”

मग जरा थांबून त्यांनी पुस्ती जोडली. “चोर आणून ठिवलं असतं, तर मातुर आमच्या बानं ऱ्हाऊ दिलं नसतं.”

हे दुसरे वाक्य मी परतीच्या एसटीत पुन्हा पुन्हा आठवत होतो. त्यांच्या हिशेबात खून हा घडून गेलेला प्रसंग होता. त्याला कारण होते, माणूस होता, शेवट होता. चोरी मात्र स्वभाव. आणि सरकारचाही हिशेब फार वेगळा नाही. खुल्या कारागृहात कोणाला पाठवायचे याची निवड होते, बंद तुरुंगातली वर्तणूक पाहिली जाते आणि सराईत म्हणून नोंद झालेल्याला तिथे जागा नसते. म्हणजे स्वतंत्रपूरच्या शेजाऱ्यांची भीती शहाणपणाने नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. काही प्रमाणात ती आधीच चाळून बाजूला काढलेली होती.

तरीही दोन वसाहती शेजारी शेजारी ठेवल्या की मला अस्वस्थ व्हायला होते. ज्यांच्यावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला ते भिंतीविना राहिले आणि त्यांच्या मुलांनी गावच्या पोरांबरोबर शाळा केली. ज्यांच्यावर काहीच शाबीत झाले नाही ते तारेत राहिले आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आज पत्ता लिहिताना थांबतात. आटपाडीत शेजाऱ्यांना प्रत्येकाची गोष्ट ठाऊक होती. सोलापुरात माझ्या आजीला नावही ठाऊक नव्हते.

मात्र याचा अर्थ ‘ओळख झाली की भीती जाते’ असा गोड निष्कर्ष काढायला मी तयार नाही. आजोबांची अकरा वर्षांची ओळख झडतीच्या आड आली नव्हती.

गंमत अशी की स्वतंत्रपूर महाराष्ट्राला ठाऊक झाले ते सिनेमामुळे. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 साली आला, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. कथा ग. दि. माडगूळकरांची. ते याच आटपाडी तालुक्यातले, औंधच्या प्रजेतले. त्यांना हा माळ पुस्तकात वाचावा लागला नव्हता. चित्रपट मला आवडतो, अजूनही. पण त्यात कैद्यांच्या विरोधात कोण उभे राहते ते आठवून पाहा. बाजारातला नफेखोर व्यापारी. कैदी भाजी स्वस्त विकतात म्हणून त्याचा धंदा बसतो आणि तो गुंड पाठवतो. अशा माणसाचा विरोध मोडून काढला की प्रेक्षक टाळ्या वाजवतो. आमच्या तळमजल्यावरच्या बाईंना त्या कथेत जागा नाही. त्यांचा धंदा बसलेला नाही, त्यांचा माणूस गेलेला आहे.

भाजीवरून महाबळेश्वर आठवले, म्हणून थोडे आडवळण. इंग्रजांनी तिथे थंड हवेचे ठाणे वसवल्यावर थोड्याच वर्षांत मलायाकडच्या वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते. त्यांनी रस्त्यांवर कामे केली, बटाट्याचे आणि विलायती भाज्यांचे मळे केले, टोपल्या विणल्या. त्यांतल्या काहींना परवान्यावर बाहेर राहून बागाईत करायची मुभा होती. 1864 साली तिथला तुरुंग बंद झाला, पण बाजारातल्या भाजीचे श्रेय सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरने या कैद्यांना मोकळेपणाने दिले आहे. ज्या टेकडीवर इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळा काढी, त्याच टेकडीवर हे कैदी राहत होते. साहेबांच्या मडमांनी त्याविरुद्ध सभा घेतल्याचे माझ्या वाचनात आले नाही. बटाटा हवा असला की शेजार चालतो.

आता त्या 28 या आकड्याकडे. स्वतंत्रपूर म्हणजे शेवटी तुरुंगच आहे. तिथे अधिकारी आहे, नियम आहेत, पळाला तर पकडून आणण्याची व्यवस्था आहे. शेजाऱ्याला जो धीर मिळतो त्यात या सरकारी सावलीचा वाटा मोठा आहे. शिक्षा संपली की माणसाला ते घर, ते शेत सोडावे लागते. म्हणजे ज्या दिवशी तो कायद्याने पूर्ण मोकळा होतो, त्याच दिवशी त्याला घर नसते आणि त्याच्या शेजाऱ्याला कुठला आधार नसतो. कैद्याला कसे वसवावे याचा प्रयोग आपण 1939 साली केला आणि त्याचे कौतुक अजून पुरते आहे. सुटलेल्याला कसे वसवावे याचा प्रयोग मात्र भाड्याच्या घरांवर आणि आमच्यासारख्या संस्थांच्या सभांवर सोडून दिला आहे. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस आमच्याकडे आला तो नेमका या फटीतून.

स्टार्टच्या वसाहतीत निदान एक पायरी होती: तारेच्या आत, मग फ्री कॉलनी. ती पायरी ज्यांच्यासाठी होती त्यांना ती लागायलाच नको होती. ज्यांना आज लागते आहे त्यांच्यासाठी ती नाही. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, कारण त्या तारेबद्दल चांगला शब्द लिहिणे म्हणजे त्या थांबलेल्या पेनाशी बेइमानी. पण वस्तुस्थिती अशी आहे.

औंधच्या प्रयोगात मला एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा खुणावते, आणि ती सिनेमात आलेली नाही. ज्या वर्षी राजाने खुनी माणसे माळावर आणून ठेवली, त्याच वर्षी त्याने गावाच्या हाती न्यायदानही दिले. आपल्या पंचायतीत वाद ऐकणाऱ्या आणि निवाडा करणाऱ्या माणसाला शिक्षा म्हणजे काय आणि ती कुठवर चालते, याचा विचार स्वतः करावा लागतो. आमच्या सभेत आम्ही शिक्षा दिली, पण तिची मुदत घातली नाही. मी लिहिलेल्या ठरावात वर्षे नाहीत, गुन्ह्याचे प्रकार नाहीत, पुनर्विचाराचे कलम नाही. तो कायमचा आहे. तीस वर्षे बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासली, मुदत नसलेला एक कागद मी कधी पुढे सरकू दिला नव्हता.

गेल्या महिन्यात मी संस्थेला अर्ज दिला आहे. हा ठराव येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेपुढे फेरविचारासाठी ठेवावा, आणि भाडेकरूंविषयीची पूर्वसूचना आल्यावर लगतच्या सभासदांशी आधी बोलावे, एवढेच त्यात आहे. दुसऱ्या मजल्यावरचे ते कुटुंब आता कुठे आहे ते सदनिकेच्या मालकालाही ठाऊक नाही. शहर सोडले म्हणतात. त्यांच्यासाठी हा अर्ज काही कामाचा नाही.

अर्ज देण्याआधी मी तळमजल्यावर गेलो होतो. बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. चष्मा काढून म्हणाल्या, “भाऊजी, मी विरोधात बोलणार. पण बोलावणं मात्र वेळेवर पाठवा. आणि मी जे बोलेन ते या खेपेला वहीत लिहा.”

हा अंक वाचकांच्या हाती येईल तेव्हा ती सभा होऊन गेलेली असेल. सचिव आता दुसरे गृहस्थ आहेत. वही लिहिण्याचे काम त्या दिवसापुरते माझ्याकडे द्यावे, अशी विनंती मी त्यांना केली आहे.